मांडीवरचे मूल आणि पुस्तक

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन, नवे कामगार कायदे किंवा बंद पडलेल्या गिरण्या यांपैकी कशावर तरी आम्ही बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘दोन वर्षांचे मूल आणि पुस्तक’ असा विषय कळविला, तेव्हा चिटणीसांनी “दोन वर्षांचे की बारा?” असे विचारून खात्री करून घेतली. त्यांची शंका रास्त होती. गेटसभेत घसा फोडणाऱ्या माणसाने बाळांच्या चित्रपुस्तकांवर बोलावे हे थोडे चमत्कारिकच. शिवाय आम्ही शिक्षक नाही, मानसशास्त्राचे पदवीधर नाही. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटाच्या आणि गावच्या वाचनालयाच्या कृपेने. परंतु हा विषय आम्ही शोधला नाही. तो आमच्याकडे चालत आला. कसा आला, ते आधी सांगितले पाहिजे.

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या हजारो बाया आहेत. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि त्या कारखान्यात नेऊन मोजून द्यायच्या, असा हा धंदा. मजुरी हजार विड्यांवर. पुष्कळ जणींची घरची भाषा तेलुगू, बाजारातली मराठी. दोन वर्षांपूर्वी भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांसाठी आम्ही अशाच एका घरी बसलो होतो. घरात अडीच वर्षांचा मुलगा होता. आमच्या पिशवीत नातीसाठी घेतलेले चित्रांचे एक पुस्तक होते, ते त्याच्यापुढे ठेवले. मुलगा त्यावर अक्षरशः तुटून पडला. आई मात्र संकोचली. म्हणाली, “अण्णा, मला अक्षर येत न्हाई. मी त्याला पुस्तक कसं वाचून दावू? शाळेत गेल्यावर बाई शिकवतील की.”

हेच म्हणणे आम्ही शिकल्यासवरलेल्या घरांतूनही ऐकले आहे. फक्त ते दुसऱ्या टोकाने येते. “अजून त्याला अक्षरओळख कुठे आहे? आत्तापासून पुस्तक दिले तर फाडून ठेवील.” एका घरी आईला अक्षर येत नाही म्हणून पुस्तक नाही, दुसऱ्या घरी मुलाला येत नाही म्हणून नाही. दोन्हीकडे समजूत एकच, की पुस्तक म्हणजे अक्षरे आणि वाचन म्हणजे ती अक्षरे उलगडणे. आम्हांला वाटते की, लहान मुलाच्या बाबतीत ही समजूत मुळातच चुकीची आहे, आणि तिचा तोटा सर्वांत जास्त त्या विडीवाल्या बाईच्या मुलाला होतो.

आता अक्षर न येता वाचनाचे सुख घेणे ही गोष्ट आपल्याला नवी आहे काय? चातुर्मासात एकाने पोथी वाचायची आणि आळीतल्या बायामाणसांनी भोवती बसून ऐकायची, ही रीत आपल्या आजीपणजीच्या वेळेपासूनची. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्याअधिक जणींना सही करता येत नसे, पण कोणता अध्याय कुठे संपतो हे त्यांना तोंडपाठ असे. आमच्या व्यवसायबंधूंचेही एक उदाहरण सांगतो. क्यूबा देशात हवाना शहरातल्या सिगार कारखान्यांत १८६५ सालापासून एक वाचक नेमण्याची पद्धत सुरू झाली. कामगारांनी खाली मान घालून तंबाखूची पाने वळायची आणि वाचकाने उंच जागी बसून वर्तमानपत्र किंवा कादंबरी मोठ्याने वाचायची. त्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून देत. सरकारला याची एवढी धास्ती वाटली की, पुढल्याच वर्षी या वाचनावर बंदी घातली गेली. पण पद्धत काही मेली नाही. आपल्याकडे केरळात कण्णूरला १९६९ साली विडी कामगारांची मोठी सहकारी संस्था उभी राहिली. तिथेही एकाने वर्तमानपत्र वाचायचे आणि बाकीच्यांनी हात चालू ठेवून ऐकायचे, अशी चाल होती. तेव्हा कानाने वाचणारा वाचक हा कमअस्सल वाचक, असे आम्ही तरी मानत नाही. आणि मांडीवरचे मूल तर कानाने, डोळ्यांनी, बोटांनी आणि प्रसंगी दातांनीही वाचते.

दातांनी म्हटले ते विनोदाने नव्हे. सहासात महिन्यांच्या मुलाला पुस्तक दिले तर ते आधी तोंडात जाते. कोणतीही वस्तू समजून घेण्याचे त्याचे साधन त्या वयात तेच असते. म्हणूनच या वयाची पुस्तके जाड पुठ्ठ्याची किंवा कापडाची करतात. पुढे काय होते ते फार मौजेचे आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी नऊ महिन्यांच्या मुलांपुढे वस्तूंचे हुबेहूब फोटो ठेवून पाहिले. मुले फोटोवर हात मारीत, चिमटीने ती वस्तू कागदावरून उचलू पाहत. हाच प्रयोग पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये, जिथे चित्रे क्वचितच दृष्टीस पडतात अशा खेड्यातल्या मुलांवर केला, तेव्हा तीही तसेच करीत. परंतु अमेरिकेतली दीड वर्षाच्या पुढची मुले उचलू पाहत नाहीत. ती बोट दाखवतात आणि आईच्या तोंडाकडे पाहतात. म्हणजे चित्रातला चेंडू हा चेंडू नसून चेंडूची खूण आहे, हे मूल या मधल्या काळात शिकते. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या ठिकाणी उभी राहू शकते, हे ज्याला कळले त्याला उद्या ‘च’ आणि ‘ड’ या काळ्या रेघा चेंडूच्या ठिकाणी उभ्या राहतात हेही कळेल. अक्षरांचा पाया असा अक्षरांच्या कितीतरी आधी, मांडीवर बसून घातला जातो.

बोट दाखवून आईच्या तोंडाकडे पाहणे, यात तर सगळा विषय आला. मूल विचारते आहे, “तुलाही दिसते आहे ना?” आई म्हणते, “हो रे, भू भू आहे.” मूल पुन्हा बोट दाखवते. आई म्हणते, “आपल्या गल्लीतल्या काळ्यासारखा आहे, नाही?” एवढ्यात दोन गोष्टी झाल्या. पानावरचा कुत्रा आणि गल्लीतला कुत्रा यांची गाठ पडली, आणि मुलाच्या एका बोटाला आईकडून एक पूर्ण वाक्य परत मिळाले. दोन वर्षांच्या सुमारास मूल ओळखीच्या गोष्टीतला शेवटचा शब्द स्वतः म्हणू लागते. आपण मुद्दाम थांबावे, ते पुरा करते. तीन वर्षांचे मूल आपण एक ओळ गाळली तर चोरी पकडते. आणि तेच पुस्तक, तीच गोष्ट, सतरा वेळा! मोठी माणसे इथे कंटाळतात. पण मुलाला पुढे काय होणार हे ठाऊक असणे हेच त्याचे सुख असते. ज्या जगात कधी जेवायचे, कधी झोपायचे हे सारे दुसरेच ठरवतात, तिथे एक गोष्ट तरी त्याच्या अंदाजाबरहुकूम घडते. मजुराला हे समजायला जड जाऊ नये.

तेव्हा नुसते वाचून दाखविणे आणि मुलाबरोबर वाचणे यांत फरक आहे, आणि तो मोजूनही पाहिलेला आहे. न्यूयॉर्क राज्यात ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पावणेदोन ते तीन वर्षांची सुमारे तीस मुले घेतली. सगळ्यांच्या घरी आईबाप पुस्तक वाचून दाखवीतच होते. त्यांपैकी निम्म्यांना फक्त वाचण्याची रीत बदलायला सांगितली. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागेल असे न विचारता ‘हा काय करतो आहे?’, ‘मग काय झाले?’ असे विचारायचे. मूल दोन शब्द बोलले तर त्यांत आपले दोन घालून वाक्य पुरे करून परत द्यायचे. चुकले तर खोडून न काढता बरोबर तेच म्हणून दाखवायचे. हे चारच आठवडे केले. एवढ्यात त्या मुलांचे बोलणे दुसऱ्या निम्म्यांच्या कित्येक महिने पुढे गेलेले आढळले. पुढे मेक्सिकोतल्या गरीब घरच्या मुलांच्या पाळणाघरातही ही रीत उपयोगी ठरली. आमच्या विडीवाल्या बाईने नीट पाहावे की, यातल्या एकाही गोष्टीला अक्षर लागत नाही. “मांजर काय करतंय?” हे विचारायला सातवी पास व्हावे लागत नाही, चौथीही नाही.

मग अक्षर येणाऱ्याने छापलेली ओळ वाचू नये काय? जरूर वाचावी. छापील भाषेत असे काही असते, जे आपल्या रोजच्या बोलण्यात येत नाही. १९८८ सालीच दुसऱ्या दोन अमेरिकन संशोधकांनी इंग्रजीतले शब्द मोजून पाहिले, तर लहान मुलांच्या पुस्तकांत हजारी सुमारे ३१ शब्द क्वचित आढळणारे निघाले. पदवीधर माणसांच्या आपसांतल्या गप्पांत मात्र हजारी १७ च. मराठीची अशी मोजणी आमच्या पाहण्यात नाही, परंतु अनुभव निराळा नसावा. घरात आपण ‘ये’, ‘बस’, ‘खा’, ‘गप’ एवढ्यावर दिवस काढतो. ‘डौलात’, ‘हळूच’, ‘इवलासा’, ‘घमघमाट’ हे शब्द मुलाच्या कानावर यायचे ते गोष्टीतून. शाळेतली भाषा परकी वाटून पहिलीतच बुजणारी मुले आम्ही पाहिली आहेत. सोलापुरात तर घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि शाळेत मराठी असा प्रकार आहे. तिथे आमचा सल्ला असा की, आईने चित्रावर आपल्याच भाषेत बोलावे. मांजराला ‘पिल्ली’ म्हणून ओळखणाऱ्या मुलाला उद्या ‘मांजर’ हा शब्द फक्त नवीन चिकटवायचा असतो. मांजर नव्याने शिकायचे नसते. मोडक्यातोडक्या परभाषेत दोन शब्द बोलण्यापेक्षा आपल्या भाषेत दहा वाक्ये बोललेली केव्हाही बरी.

आता एक आक्षेप आम्हांला आमच्याच घरातून, म्हणजे कामगार चळवळीच्या इतिहासातून येतो, त्याचा विचार करू. ‘आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती’ ही मागणी १८१७ साली प्रथम मांडणारा रॉबर्ट ओवेन हा स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीचा चालक. त्याने १८१६ च्या पहिल्या दिवशी गिरणीच्या गावात एक संस्था उघडली. तिच्यात नुकती पावले टाकू लागलेल्या मुलांचीही शाळा होती. आणि या ओवेनचा दंडकच होता की, लहान मुलांना पुस्तकांनी बिलकुल छळायचे नाही! मोठा पुढारी आमच्या विरुद्ध बाजूला दिसतो. पण त्याच्या शाळेत काय होते ते पाहा. भिंतींवर जनावरांची मोठमोठी चित्रे आणि नकाशे. टेबलावर बागेतून, रानातून आणलेल्या वस्तू. आणि मुलांना कुतूहल वाटेल तेव्हा त्यांवर शिक्षकाने त्यांच्याशी मोकळेपणी बोलायचे. त्या काळचे मुलांचे पुस्तक म्हणजे बहुधा बाराखडी, स्पेलिंग आणि उपदेश, तेही छडीच्या धाकाने. ओवेनने ते दूर ठेवले आणि भिंत हेच मुलांचे चित्रपुस्तक केले. म्हणून त्याच्याशी आमचे भांडण नाही.

त्याने शिक्षक कोण नेमले हे तर आमच्या सोलापूरकरांनी ऐकावे. पहिला होता जेम्स बुखॅनन नावाचा गरीब हातमागवाला, ज्याला लिहिता-वाचता जेमतेम येत होते. आणि दुसरी गिरणीत काम करणारी सतरा वर्षांची मुलगी, मॉली यंग. ओवेनने त्यांची विद्वत्ता पाहिली नाही; मुलांवर माया आहे की नाही आणि धीर आहे की नाही, एवढेच पाहिले. सूतगिरणीच्या गावात एका अर्धशिक्षित विणकराने बालशाळा चालवली, आणि पुढे त्याला तसलीच शाळा काढण्यासाठी लंडनला बोलावून नेले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली, तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने हेच त्यांचे साहित्य होते. त्यातले मर्मही हेच होते.

परंतु एक गोष्ट आम्हांला स्पष्ट बोलली पाहिजे. ‘मुलांशी बोला, त्यांच्याबरोबर वाचा’ हा उपदेश हल्ली फार स्वस्त झाला आहे, आणि त्याच्या आडून गरिबाच्या आईला दोष देण्याची एक चाल पडली आहे. १९९५ साली अमेरिकेत एक पुस्तक निघाले; त्यात असा हिशेब होता की, गरिबाघरचे मूल चार वर्षांचे होईतो सुखवस्तू घरच्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते. आकडा जगभर गाजला. पण तो ४२ कुटुंबांवरून काढलेला होता आणि त्यांपैकी सरकारी मदतीवर जगणारी अवघी सहा! २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी पाच निरनिराळ्या वस्त्यांत जाऊन मोजणी केली, तेव्हा एकाच थरातल्या घराघरांत प्रचंड फरक दिसला. आणि आजी, भावंडे, शेजारी यांचे बोलणेही जमेस धरल्यावर ती दरी तशी उरली नाही. आमच्या चाळीत राहून पाहा. तिथे मुलाच्या कानावर शब्द पडत नाहीत, असे कोण म्हणेल! उणीव शब्दांची नाही. उणीव आहे ती दहा मिनिटे एका जागी बसून त्याच्या बोटाकडे पाहणाऱ्या माणसाची, आणि ती उणीव मजुरीच्या दरातून निघते. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय जिला उठता येत नाही, तिचा वेळ ही तिची मालमत्ता नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांवर बाया असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर बांधायला लावले, १९७६ साली तो आकडा तीसवर आला. पण घरी विडी वळणाऱ्या बाईला कारखानाच नाही, तर पाळणाघर कुठले? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली. आमच्या बाईच्या पंचांगात तो रविवार अजून यायचा आहे.

वेळेच्या बाबतीत दुसऱ्यांना सांगण्याचा आम्हांला फारसा अधिकार नाही, हेही कबूल केले पाहिजे. आमची मुलगी १९९८ साली दोन वर्षांची होती. ते दिवस संपाचे होते. आम्ही रात्री घरी येत असू आणि आल्यावर वर्तमानपत्र उघडून बसत असू. मुलगी त्या पसरलेल्या कागदाखाली शिरून आतल्या बाजूने छायाचित्रांवर बोटे फिरवायची, आणि आम्ही तिला बाजूला सारीत असू, कारण अग्रलेख अर्धा राहिलेला असायचा. वाचणारा बाप तिने रोज पाहिला. पण तिच्याबरोबर वाचणारा पाहिला नाही. ती आता तिच्या मुलीला घेऊन रोज रात्री पुस्तक उघडते. हे तिने आमच्याकडून घेतले नाही.

मोबाइलविषयी एवढेच सांगतो. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाखालच्या मुलांना पडदा मुळीच दाखवू नये असे सांगितले, आणि मूल बसलेले असेल तेव्हा मोठ्यांनी त्याच्याबरोबर वाचावे, त्याला गोष्ट सांगावी अशी शिफारस केली. आमच्या मते पडद्याचा मोठा दोष हा की, तो मुलाच्या बोटासाठी थांबत नाही. पण त्याच मोबाइलवर आईला उपयोग आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ नावाचा संग्रह सुरू केला. त्यात मराठी, तेलुगू, कन्नड अशा अनेक भाषांतली चित्रपुस्तके फुकट मिळतात. छापील पुस्तकांत माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ आणि ‘राधाचं घर’ ही आम्ही वापरून पाहिली आहेत. पहिल्यात बोलण्याजोगी भरगच्च चित्रे आहेत. दुसऱ्यात आईबाबा, आजीआजोबा अशी घरातली नेहमीची माणसे.

इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी १९९२ साली तीनशे तान्ह्या मुलांच्या घरी पुस्तकांची पिशवी आणि वाचनालयाचे निमंत्रण देण्याची योजना सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. तेव्हा आम्हीही एका वाचनालयात जाऊन विचारले, की आमच्या वस्तीतल्या मुलांना सभासद करून घ्याल काय? उत्तर मिळाले, “वाचता येत नाही त्याला सभासद कसे करणार?” रागावून उपयोग नव्हता. युनियनच्या वर्गणीतून आणि काही स्नेह्यांच्या देणगीतून चाळीस पुस्तके घेतली आणि कचेरीत एका पत्र्याच्या पेटीत ठेवली. कागदपत्रांसाठी येणाऱ्या बाईने जाताना एक पुस्तक न्यायचे, पुढल्या खेपेला बदलायचे. वहीत सही किंवा अंगठा. दंड नाही. नियम दोनच: पुस्तक घेण्याआधी तंबाखूचे हात धुवायचे, आणि मूल सुपापासून हातभर लांब बसवायचे, कारण त्या धुळीने लहान मुलांना खोकला धरतो.

ज्या बाईने पहिला प्रश्न विचारला तिने यात एक सुधारणा केली, जी आम्हांला सुचली नव्हती. तिचे दोन्ही हात कामात असतात. म्हणून पान उलटण्याचे काम तिने मुलाकडे दिले. तो पान उलटतो, बोट ठेवतो, ती मान न उचलता तेलुगूत विचारते, तो उत्तर देतो. घाई झाली की तो दोन पाने एकदम उलटतो, आणि ती बरोबर ओळखते, कारण तिला आता चित्रांचा क्रम पाठ झाला आहे.

वर्षअखेरीस आम्ही पेटीचा हिशेब केला. चाळीस पुस्तकांपैकी चार परत आली नाहीत. सात फाटली, त्यांना डिंक आणि कागद लावला. नऊ कोणी उघडलीसुद्धा नाहीत. ती आम्ही निवडलेली उपदेशाची पुस्तके होती, ती बदलून आणली. माकडाचे एक पुस्तक तीनदा चिकटवूनही त्याचे पहिले पान शेवटी गेलेच. ते पुस्तक काढून टाकावे असे आम्ही म्हटले, तर बाया म्हणाल्या, राहू द्या, पहिल्या पानावर काय होतं ते पोरांना ठाऊक आहे.